दोन्ही पाय लुळे पडतात तेव्हा

दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली की घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो ‘लकवा’. मग तेल येतं, शेक येतो, कुणी हाडवैद्याचं नाव सुचवतं, कुणी देवाला कौल लावतं. या धावपळीत तीन-चार दिवस, कधी तीन-चार आठवडे निघून जातात. घरच्यांची माया खरी असते, धडपडही खरी असते. पण मज्जारज्जूच्या आजारात हेच दिवस सर्वांत मोलाचे असतात. दोन्ही पाय लुळे पडणं, म्हणजे पॅराप्लेजिया, ही आत चाललेल्या कुठल्या तरी आजाराची खूण आहे. तो आजार पुष्कळदा बरा होण्याजोगा असतो, मात्र त्याला मुदत असते. ती ओळखता यावी यासाठी हा लेख.

अर्धांगवायूपेक्षा हे वेगळं आहे. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की एका बाजूचा हात आणि पाय जातो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं. मज्जारज्जूच्या आजारात चेहरा आणि बोलणं शाबूत राहतं, रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, पण दोन्ही पाय साथ सोडतात. बिघाड मानेत असेल तर पायांबरोबर हातही जातात.

मज्जारज्जू जाडीला करंगळीएवढा, आणि मोठ्या माणसात साधारण 45 सेंटिमीटर लांब. कवटीच्या तळापासून निघून तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्यातून मज्जातंतूंच्या 31 जोड्या फुटतात. मेंदूकडून पायांना जाणारे हुकूम, पायांकडून मेंदूला जाणारी स्पर्शाची, वेदनेची, थंड-गरमाची खबर, लघवी आणि शौचावरचा ताबा, हे सगळं त्या करंगळीएवढ्या जागेतून जातं. भोवती हाडाचा बोगदा असल्यामुळे फुगायला, सरकायला जागा जवळजवळ नाहीच. म्हणून सुपारीपेक्षा लहान गाठसुद्धा धडधाकट माणसाला अंथरुणाला खिळवू शकते.

मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपतो, हे रुग्णांनी आणि नातेवाइकांनी पक्कं लक्षात ठेवावं. पायात त्रास आहे म्हणून फक्त कंबरेचा एमआरआय काढला जातो, त्यात पन्नाशीच्या कुणाच्याही कंबरेत दिसते तशी थोडी सरकलेली चकती दिसते, तिच्यावर खापर फुटतं आणि कंबरेचा पट्टा बांधून रुग्ण घरी जातो. खरा आजार पाठीच्या मधल्या भागात किंवा मानेत वाढत राहतो. पाय ताठ होत असतील, छातीपासून किंवा पोटापासून खाली बधिर वाटत असेल, तर मान आणि पाठ यांचाही एमआरआय हवा का, हे डॉक्टरांना विचारा. तो रुग्णाचा हक्क आहे.

आजाराची सुरुवात बहुधा लकव्यानं होत नाही. ती अगदी घरगुती शब्दांत सांगितली जाते. ‘चालताना पायातली चप्पल निसटली ते कळलंच नाही’ हे वाक्य ऐकलं की डॉक्टरांचे कान टवकारतात. चप्पल निसटल्याचं कळतं पण धरून ठेवता येत नाही, तेव्हा ताकद कमी झालेली असते. निसटल्याचं कळतच नाही, तेव्हा संवेदना गेलेली असते. ‘गादीवरून चालतोय असं वाटतं’, ‘तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की तोल जातो’, ‘अंधारात पाय कुठे पडतो ते समजत नाही’ या तक्रारी मज्जारज्जूच्या मागच्या भागाच्या आहेत. सांधे कुठल्या स्थितीत आहेत याची खबर तिथून वर जाते. छातीभोवती किंवा पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटणं हीसुद्धा महत्त्वाची खूण. मानेतला मज्जारज्जू दबत असेल तर शर्टाची गुंडी लावणं, सुईत दोरा ओवणं, भाताचा घास नीट उचलणं जड जातं, आणि मान खाली वाकवली की पाठीतून पायापर्यंत विजेचा झटका गेल्यासारखं होतं. दुखत नाही म्हणून या गोष्टी वयावर ढकलल्या जातात. तसं करू नका.

घरी करता येण्याजोगी एक साधी तपासणी आहे. स्टीलचा थंड चमचा पायाच्या बोटांपासून हळूहळू वर फिरवावा आणि थंडपणा नीट कळायला कुठे सुरुवात होते ते पाहावं. बेंबीपाशी कळत असेल तर पाठीच्या दहाव्या मज्जातंतूची पातळी, स्तनाग्रांपाशी कळत असेल तर चौथ्याची. अंगावर अशी सीमारेषा सापडली, की बिघाड मज्जारज्जूत आहे असं मानूनच पुढे जावं. प्रत्यक्ष आजार मात्र या रेषेपेक्षा बराच वर असू शकतो, म्हणून नेमकी जागा ठरवण्याचं काम डॉक्टरांवर सोडावं. कधी कधी मज्जारज्जूची एकच बाजू दुखावते. तेव्हा एका पायातली ताकद जाते आणि दुसऱ्या, चांगल्या दिसणाऱ्या पायाला चटका किंवा टोचणी कळत नाही. ब्राउन-सेकार या वैद्यानं एकोणिसाव्या शतकात या प्रकाराचं वर्णन केलं, आणि तो आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो.

लघवीबद्दल संकोच न करता बोलायला हवं. मज्जारज्जूला अचानक मार बसला की लघवी तुंबते. पोट फुगतं, तरी संवेदना नसल्यामुळे रुग्णाला कळ येत नाही. मग भरलेल्या मूत्राशयातून थेंब थेंब गळू लागतं आणि घरच्यांना वाटतं, लघवी होतेय. ती होत नसते, ओसंडत असते. अशा वेळी नळी घालून मूत्राशय मोकळं केलं नाही तर मूत्रपिंडांवर ताण येतो. कंबरेची चकती मोठ्या प्रमाणात सरकून खालच्या मज्जातंतूंचा झुपका दाबला गेला तर शौचाच्या जागेभोवती, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो आणि लघवी अडते. ही शस्त्रक्रियेची तातडी आहे. उद्या सकाळी पाहू, असं म्हणायला इथे जागा नाही.

मार अचानक बसला असेल तर सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे पाय अगदी ढिले असतात. नंतर ते ताठ होऊ लागतात, आपोआप आखडतात, पांघरूण ओढलं तरी उडतात. घर आनंदतं, पायात जीव आला म्हणून पेढे वाटले जातात. सांगताना जड जातं, पण हे आखडणं म्हणजे सुधारणा नव्हे. मेंदूचा लगाम सुटलेला मज्जारज्जू स्वतःच्या बळावर पाय हलवत असतो. डोळे मिटून, स्वतःच्या इच्छेनं अंगठा हलवता येतो का, हे पाहावं. तो हलला, किंवा शौचाच्या जागेभोवती स्पर्श कळत असला, तर मात्र आशेला आधार आहे.

कारण शोधताना डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, हे किती वेगात झालं. क्षणात झालं असेल तर बहुधा अपघात, क्वचित मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीतला अडथळा किंवा रक्तस्राव. काही तासांत किंवा दिवसांत झालं असेल तर मज्जारज्जूचा दाह, म्हणजे मायलायटिस, किंवा आत साठलेला पू. आठवडे-महिने लागले असतील तर क्षयरोग किंवा गाठ. वर्षं लागली असतील तर झिजेनं अरुंद झालेली मान, जीवनसत्त्वाची कमतरता, काही आनुवंशिक आजार. म्हणून रुग्णालयात जाताना तारखा आठवून जा: पहिल्यांदा अडखळला कधी, जिना चढायला आधार लागला कधी, लघवीचा त्रास कधीपासून. त्याआधी ताप, लस, पडणं, दात काढणं, काहीही घडलं असेल तर तेही सांगा.

अपघातांचं बोलायचं तर रस्ता हा एक भाग झाला. आपल्याकडे माणसं माडावरून पडतात, विहिरीत पडतात, बिनकठड्याच्या गच्चीवरून पडतात, डोक्यावर पोतं घेऊन घसरतात, उथळ पाण्यात सूर मारतात. पडलेल्या माणसाला काखेत धरून उठवणं, बसतं करून पाणी पाजणं, रिक्षात दुमडून नेणं यातूनही शाबूत मज्जारज्जू दुखावू शकतो. श्वास चालू असेल आणि जागा धोक्याची नसेल, तर त्याला आहे तसं पडू द्या आणि 108 ला फोन करा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या गुंडाळ्या लावून मान स्थिर करा. हलवणं भागच असेल तर एकानं फक्त डोकं धरावं, तिघा-चौघांनी खांदे, कंबर, पाय धरून एकाच वेळी, डोकं आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावं आणि फळीवर घ्यावं. घराचं काढलेलं दारसुद्धा चालतं. हेल्मेट ओढून काढू नका.

मणक्याच्या क्षयावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या देशात दोन्ही पाय जाण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि तो औषधांनी बरा होतो. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी 1779 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला पॉट्स डिसीज म्हणतात. खोकला असेलच असं नाही, थुंकीत जंतू सापडतीलच असं नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो, तापही नसू शकतो. असते ती एकाच जागी, मणक्यावर दाबलं की दुखणारी पाठ. ती महिनोन्‌महिने दुखते, रात्री झोप मोडते. मग वजन घटतं, भूक मरते, पाठीत एक टोक वर येऊ लागतं. लहान मूल रात्री दचकून रडत उठतं, खाली पडलेली वस्तू उचलताना वाकत नाही, गुडघ्यांत बसून उचलतं. साध्या एक्स-रेत बिघाड दिसेपर्यंत बरंच हाड खाल्लं गेलेलं असतं, म्हणून एमआरआय लागतो, आणि शक्य तिथे सुईनं नमुना काढून तपासणी करावी लागते. औषध न जुमानणारा क्षय आहे का, तेही त्यातूनच कळतं.

उपचार किमान बारा महिन्यांचा, गरज पडली तर अठरा महिन्यांपर्यंत. सरकारी केंद्रावर औषधं मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून महिना 1,000 रुपये झाली आहे. पाय लुळे पडलेले कितीतरी रुग्ण या औषधांवर पुन्हा चालू लागतात. औषधं चालू असूनही ताकद घटत असेल, पू दाबत असेल किंवा मणका ढासळत असेल तर शस्त्रक्रिया लागते. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणं हा स्वतःशीच केलेला घात आहे.

गाठींमध्ये दोन तऱ्हा असतात. काही मज्जारज्जूच्या आवरणातून किंवा मज्जातंतूंतून उगवतात, हळू वाढतात, आणि वेळेत काढल्या तर रुग्ण अगदी पूर्ववत होऊ शकतो. दुसऱ्या म्हणजे स्तन, पुरुषांतली प्रोस्टेट ग्रंथी, फुप्फुस इथल्या कर्करोगातून मणक्यात पसरलेल्या. साध्या कंबरदुखीला आडवं झालं की आराम वाटतो; गाठीचं दुखणं आडवं झाल्यावर, रात्री वाढतं. आधी कर्करोग झालेल्या माणसाची पाठ नव्यानं दुखू लागली तर पायांत अशक्तपणा येण्याची वाट पाहू नये. उपचार सुरू होताना जो चालत असतो, तोच पुढे चालता राहण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. मधुमेही माणसाला ताप, पाठीत असह्य दुखणं आणि पायांत अशक्तपणा असं एकत्र आलं तर मणक्याच्या नळीत पू साठल्याचा संशय घ्यावा. तिथे तर दिवस नाही, तास मोजावे लागतात.

बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेकडे महाराष्ट्रातल्या शाकाहारी घरांनी विशेष लक्ष द्यावं. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. दूध-दही बेताचंच घेणारे वयस्कर, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, पित्ताच्या गोळ्या कायम घेणारे यांना धोका अधिक. दोन्ही तळपायांना मुंग्या, मग अंधारात तोल जाणं, पुढे पाय ताठ होणं, विसराळूपणा, असा क्रम दिसतो. इंजेक्शनं लवकर सुरू झाली तर हे पुष्कळ अंशी परततं. वर्ष-दोन वर्षं गेली तर उरलेला ताठरपणा राहतो. रक्त कमी आहे म्हणून नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेत राहिल्यास रक्त सुधारतं, पण मज्जारज्जूची हानी चालूच राहते.

विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात लाखोळीची डाळ परिचयाची आहे. धानानंतरच्या ओलीवर ती येते, दुष्काळातही तग धरते. पण तिच्यात मज्जासंस्थेला घातक असं एक द्रव्य असतं. दुसरं धान्य न मिळाल्यामुळे दोन-तीन महिने मुख्यतः हीच डाळ पोटात गेली, तर पाय ताठ होतात, माणूस चवड्यांवर, पाय एकमेकांवर अडकवत चालू लागतो. संवेदना आणि लघवी बहुधा शाबूत राहतात, मात्र गेलेली चाल परत येत नाही. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की द्रव्य बरंच कमी होतं. हा आजार डाळीइतकाच उपासमारीचा होता, हे विसरता कामा नये. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागांत हाडं जाड होऊन मज्जारज्जू दाबला जातो, तोही असाच पाण्याच्या आणि गरिबीच्या वाटेनं येणारा लकवा.

दोन्ही पाय गेले तरी दोष प्रत्येक वेळी मज्जारज्जूचा नसतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले आणि दूषित पाण्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूचा संबंध पुढे आला. त्यात जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा येतो, पाय ढिले पडतात. पण अंगावर सीमारेषा नसते आणि लघवी बहुधा अडत नाही. धोका असतो तो श्वासाला, म्हणून रुग्णालयातच राहावं लागतं. रात्री भरपेट जेवून झोपलेला तरुण सकाळी हातपाय न हलवता येण्याच्या अवस्थेत उठतो, तेव्हा रक्तातलं पोटॅशियम घटलेलं असू शकतं. वेळेत उपचार झाले तर तो काही तासांत उभा राहतो. क्वचित मेंदूच्या मध्यभागी, दोन्ही पायांच्या केंद्रांवर दाब देणारी गाठही असा लकवा घडवते. त्यामुळे मणक्याचे सगळे फोटो चांगले आले तर शोध तिथेच थांबवू नये.

कारण कुठलंही असो, पाय परत येईपर्यंत किंवा आलेच नाहीत तर आयुष्यभर, रुग्णाला वाचवते ती रोजची निगा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाय गेलेले सैनिक बहुधा लवकर दगावत, ते शय्याव्रणांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं. 1944 मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त घातली, रुग्णांना कामाला आणि खेळाला लावलं. 29 जुलै 1948 रोजी त्यांनी भरवलेल्या स्पर्धेत 16 खेळाडू होते. तिथूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर जलतरणात त्यांनी भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

घरची निगा म्हणजे रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलणं, माकडहाड, टाचा आणि नितंब रोज उजेडात पाहणं. लाल झालेली जागा चोळू नका, तिच्यावरचा भार काढा. पाण्याची गादी आणली म्हणून कूस बदलणं थांबवू नका. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यानं दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावं. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी, शेगडी, गरम विटेचा शेक कधीही देऊ नका. चटका कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. कायम नळी ठेवण्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून लघवी काढणं बहुतेकांना जास्त सुरक्षित असतं, आणि ते रुग्ण स्वतः शिकू शकतो. एका पायाची पोटरी अचानक सुजली तर रक्ताची गुठळी समजून त्याच दिवशी दाखवा. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असलेल्या रुग्णाचं डोकं एकाएकी ठणकू लागलं, चेहऱ्यावर घाम सुटला, तर रक्तदाब भयंकर वाढलेला असू शकतो. त्याला उठवून बसवा, कपडे सैल करा, नळी मुरगळली किंवा तुंबली आहे का ते पाहा आणि लगेच डॉक्टर गाठा.

संसार आणि मूल होण्याबद्दल प्रश्न मनात ठेवू नयेत, डॉक्टरांना सरळ विचारावेत. स्त्रियांची मूल होण्याची क्षमता बहुधा टिकून राहते, आणि पुरुषांसाठीही उपचार आहेत. जखमी सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. सर्वसामान्यांसाठी मुंबईत हाजी अली इथे केंद्र सरकारची भौतिक उपचार आणि पुनर्वसनाची संस्था 1955 पासून काम करते आहे. सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर राखीव जागा आणि अनेक योजनांसाठी ते लागतं. आणि तुमच्या गावातल्या ग्रामपंचायतीला, बँकेला, शाळेला चाकाची खुर्ची चढेल असा उतार नसेल तर तो लेखी अर्ज करून मागा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 प्रमाणे तो करून देणं बंधनकारक आहे.